पाठीवरची वीत

बाबालाल मुजावरच्या पत्राला मी उत्तर दिलं नाही. पत्र मोठं नव्हतं. वहीच्या रेघी कागदावर बॉलपेननं लिहिलेल्या सात-आठ ओळी आणि खाली तीन प्रश्न. तिन्ही प्रश्नांची उत्तरं एकेका शब्दात देता आली असती.

ते टपालानं आलं नव्हतं. एस.टी.च्या पार्सलातून, एका खोक्यात आलं होतं. १९८६ सालचा जानेवारी होता. गडहिंग्लजच्या स्टँडवर पार्सलच्या खिडकीत बसणारा माणूस ते खोकं कानाशी धरून हलवत होता.

"सर, ह्यात काय हाय ओ? पितळेचं कायतरी वाजतंय."

"माहीत नाही," मी म्हणालो.

"नाव तर तुमचंच हाय. विभूते सर, कॉलेज लायब्ररी. पुस्तकं काय न्हाईत ही."

"नाहीत."

"मग उघडा की हितंच. आमालाबी कळंल."

मी सही केली आणि खोकं काखेत धरून घरी आलो. घर म्हणजे चव्हाणांच्या घरामागच्या दोन खोल्या आणि एक न्हाणी. स्लॅबवर सिमेंटची टाकी होती, तिचं पाणी माझ्या न्हाणीतल्या नळाला यायचं. दार लावून मी खोकं उघडलं. वर्तमानपत्राचे चार थर काढल्यावर आत एक ब्रश निघाला. पण असा ब्रश मी कधी पाहिला नव्हता. पितळेची, हंसाच्या मानेसारखी वाकलेली पोकळ दांडी. तिच्या टोकाला बशीएवढी चकती आणि चकतीवर मऊ नायलॉनचे केस. दुसऱ्या टोकाला हातभर रबरी नळी, ती न्हाणीतल्या नळाला घट्ट बसेल अशी. चकतीच्या मागं एक छोटी डबी होती. तिच्या भोकातून आत बघितलं तर वाकड्या पात्यांचं एक चक्र दिसलं. ते मी लगेच ओळखलं, कारण त्याचं चित्र मीच बाबालालला समजावून सांगितलं होतं.

पत्रात लिहिलं होतं:

'विभूते सरांस बाबालालचा नमस्कार. दिवाळीत बोललो होतो ते केलं. नाव पाठचोळणी ठेवलंय. आत पाणी गेलं की चक्र फिरतं, चक्रानं ब्रश फिरतो, वीज लागत नाही. शेडात मोटारीच्या पाण्यावर भन्नाट फिरते. पण घरच्या टाकीवर बघितलेली नाही. आमच्या घरी टाकी नाही, हौद आहे. तुमच्याकडं टाकी आहे म्हणून पहिली तुमच्याकडं. फेब्रुवारीच्या तेवीस तारखेला लघुउद्योगांचं प्रदर्शन आहे, तिथं मला गाळा मिळालाय. थांबत असेल तर तसं लिहा, मी मोटार बांधून नेतो. भीड ठेवू नका.'

आणि खाली प्रश्न. एक, फिरते का? दोन, मधल्या वितीला पोचते का? तिसरा प्रश्न मी दोनदा वाचला आणि कागदाची घडी घातली.

*

गडहिंग्लजला येण्याआधी मी नऊ वर्षं कोल्हापुरात एका सार्वजनिक वाचनालयात सहायक होतो. बाबालाल तिथं संध्याकाळी यायचा. उद्यमनगरात त्याची लेथ मशीनची लहानशी शेड होती. अंगाला कूलंट तेलाचा वास असायचा म्हणून तो आपण होऊन दाराजवळच्या बाकावर बसायचा. मराठी वर्तमानपत्रांना हात लावायचा नाही. परदेशातून यायची ती यंत्रांची मासिकं मागायचा आणि चित्रं बघत बसायचा. दोन-तीन महिन्यांनी एकदा माझ्या टेबलाशी आला.

"सर, ह्या चित्राखाली काय लिवलंय?"

पाण्याच्या दाबावर चालणाऱ्या टर्बाइनचं चित्र होतं. मला यंत्रातलं काही कळत नाही. कोश उघडून, अडखळत, मी दोन पानं मराठीत सांगितली.

"म्हंजे पानी पात्याला ढकलतंय आन् चाक फिरतंय. एवढंच नव्हं?"

"एवढंच."

"मग एवढं इंग्रजी कशाला खर्चलंय ओ?"

मी हसलो. वाचनालयात मी मोठ्यानं हसल्याची तेवढी एकच वेळ असेल. त्यानंतर तो रोज काहीतरी विचारायचा आणि मी रोज आदल्या दिवशी कोश चाळून ठेवायचो. पुढं गडहिंग्लजच्या कॉलेजात ग्रंथपालाची जागा मिळाली आणि मी गेलो. तरी दिवाळीच्या पाडव्याला कोल्हापूरला त्याच्या घरी जायचा माझा रिवाज पडला. माझी आई गेल्यापासून दिवाळीला जावं असं दुसरं घर मला नव्हतं.

त्या पाडव्याला, म्हणजे पंच्याऐंशी सालच्या, जैतूनवहिनींनी चहा दिला. बाबालालनं सहज विचारलं, "काय सर, अभ्यंगस्नान झालं काय झोकात?"

"झालं की."

"आन् पाठ कुनी चोळली?"

"आता सरांना का छळताय?" वहिनी आतून म्हणाल्या.

"छळतोय कुठं? इचारतोय."

खरं तर मी असल्या गोष्टी कुणाशी बोलत नाही. पण त्या दिवशी बोलून गेलो. आई होती तोवर ती चोळायची. तेल लावून, उटणं लावून, दगडासारख्या खरखरीत हातानं. आता खालून एक हात जातो, वरून दुसरा जातो, पण मध्ये एक वीत राहते. तिथलं तेल तसंच राहतं आणि सदरा दिवसभर तिथं चिकटतो.

"कुठं?" बाबालाल उठून माझ्या मागं आला. "हितं?"

त्यानं सदऱ्यावरून माझ्या पाठीवर हात ठेवला. अंगठा एकीकडं, करंगळी दुसरीकडं, पूर्ण ताणलेली वीत.

"हो. तिथंच."

"आई जाऊन किती वर्सं झाली?"

"अकरा."

"अकरा वर्सं हितं कुनाचा हात न्हाई?"

त्यानं हात काढला नाही. मग म्हणाला, "जैतून, माझी टेप दे गं." आणि त्यानं टेपनं माझी पाठ मापली, खांद्यापासून किती, कमरेपासून किती. मापं पेन्सिलीनं चहाच्या पुड्याच्या कागदावर लिहून घेतली.

"अहो, शिंपी हायसा काय तुमी?" वहिनी दारात येऊन हसल्या.

"थांब गं. सर, तुमी ते पान्याचं चक्र वाचून दाखवलं हुतं बगा. करतो कायतरी."

*

ब्रश आला त्याच दिवशी मी तो नळाला लावला. नळ सोडला. डबीत घर्रर्र झालं, चकती थरथरली आणि फिरायला लागली. केसांमधून पाण्याच्या बारीक धारा उडत होत्या. मी तसाच उभा राहून बराच वेळ ते बघत होतो. मग दांडी खांद्यावरून मागं टाकली. चकती बरोबर त्या वितीवर आली. मापात तसूभर चूक नव्हती.

आणि थांबली.

उचलली की फिरायची. पाठीला टेकवली की थांबायची. हातात फिरायची, हवेत फिरायची, अंगाला लागली की नाही.

मला वाटलं माझंच काही चुकत असेल. मी जोरानं दाबत असेन. हळू टेकवून बघितलं. नळीचा वॉशर काढून पुन्हा बसवला. टाकी भरल्या भरल्या, पहाटे, बघितलं. रविवारी कपड्यांचा पिळा पाठीऐवजी धरून बघितला. तीन आठवडे हे चाललं. एक दिवस घरमालकीणबाई दारावर थाप मारून म्हणाल्या, "सर, न्हाणीत एवढा वेळ करता तरी काय? आमची टाकी रिकामी झाली!"

"जरा... भांडी धूत होतो."

"भांडी? एकट्याची?"

टाकी डोक्यावर जेमतेम आठ-नऊ फुटांवर होती. पाण्याला जोरच नव्हता. तिसऱ्या आठवड्यात ते माझ्यासारख्यालाही कळलं. शेडातल्या मोटारीच्या पाण्यात जो जोर असतो तो घरातल्या टाकीत नसतो. एवढंच लिहायचं होतं. 'थांबते' असं. त्यानं विचारलंच तसं होतं, आणि मोटार न्यायची की नाही ते त्यावर ठरणार होतं.

पहिल्या कागदावर मी लिहिलं, 'पाठीला लागली की थांबते.' ते वाचून मलाच कुणी थोबाडीत मारल्यासारखं वाटलं. फाडलं. दुसऱ्यात पितळेचं काम किती सुबक आहे, दांडीचा बाक किती अचूक आहे, असं दीड पान लिहिलं आणि थांबण्याची गोष्ट लिहायची राहून गेली. तिसऱ्यात दोष माझ्याकडं घेतला, की मला नीट वापरता येत नसावी. पण मग त्यानं मोटार नेली नसती. चौथ्यात टाकीची उंची आणि पाण्याचा दाब यांचा संबंध कोशातून शोधून घातला. तो वाचताना बाबालालचा आवाज कानात आला, एवढं इंग्रजी कशाला खर्चलंय ओ. तोही फाडला.

असे सात झाले. सातवा बरा होता. तो घडी करून पाकिटात घातला, पाकिटावर पत्ता लिहिला. तारीख बघितली तर वीस फेब्रुवारी. पत्र वेळेत पोचेलच असं नव्हतं. मग मी ठरवलं, तेवीसला सकाळी स्वतःच जायचं आणि तोंडानं सांगायचं. ते जास्त माणुसकीचं होईल असं मला वाटलं. निदान तशी मी माझी समजूत घातली.

*

मैदानावर मांडव घातला होता. मी पोचलो तेव्हा साडेनऊ झाले होते. लोकांना साडेदहाला आत सोडणार होते. बाबालालचा गाळा कोपऱ्यात होता. वर पाटी: 'मुजावर पाठचोळणी. पाण्यावर चालते. वीज नको, माणूस नको.' त्यानं इस्त्रीचा पांढरा सदरा घातला होता. वहिनी नव्या साडीत स्टुलावर बसल्या होत्या. टेबलावर अशाच बारा पाठचोळण्या ओळीनं मांडल्या होत्या, चिंच लावून घासलेल्या, लखलखीत.

गाळ्यामागं बांबूंच्या मचाणावर पत्र्याचा एक ड्रम चढवला होता. आठ-नऊ फुटांवर. त्यातून एक नळी खाली आली होती.

"आले, आले! बगा, मी म्हनलं नव्हतं?" बाबालाल वहिनींना म्हणाला. "सर आल्याबिगर ऱ्हात न्हाईत."

"बसा सर," वहिनींनी स्टूल दिलं. "चहा सांगते."

"हा ड्रम कशाला?" मी विचारलं.

"प्रदर्शनवाले मोटारीची लाइन देतो म्हनले हुते. आता म्हनत्यात, न्हाई, ड्रमच हाय. म्हटलं असूदे की. टाकी काय आन् ड्रम काय."

"ड्रमवर चालवून बघितली का?"

"काल रात्री तर ड्रम चढवला. आन् बगायचं काय त्यात? तुमी म्हैनाभर वापरताय की." तो हसला. "म्या जैतूनला म्हनलं, सरांचं पत्र न्हाई म्हंजे सगळं ब्येस हाय. कायबी अडचन असती तर त्यांनी चार पानं लिवली असती. अक्षराचा मानूस हाय तो."

चहा आला. मी कप तसाच बशीत ठेवून दिला. खिशात सातवं पत्र होतं. प्रदर्शन सुरू व्हायला अजून तास होता. उद्यमनगर तिथून रिक्षानं दहा मिनिटांवर.

"बाबालाल."

"बोला की."

"ती तुझी मोटार कुठं आहे?"

"शेडात. का?"

बारा चोळण्या टेबलावर चकाकत होत्या. वहिनी पदरानं त्यातल्या एकीवरचा हाताचा डाग पुसत होत्या. बाबालाल माझ्याकडं बघत होता, भुवया उंचावून, हसू अजून तसंच.

"काही नाही," मी म्हणालो. "जड असेल."

"लई जड. दोन माणसं लागत्यात. बरं झालं आनली न्हाई."

*

अकरा वाजता त्याच्या गाळ्यापुढं तीस-चाळीस माणसं झाली. पाटीच लोकांना ओढत होती.

"ओ मामा, म्हशीला चालंल काय?" एकानं विचारलं.

"चालंल की. फकस्त मग म्हस रोज चोळायला लावंल."

लोक हसले. बाबालालनं ड्रमची तोटी सोडली. चकती फिरायला लागली, धारा उडाल्या, पुढची दोन माणसं मागं सरली आणि एकजण 'आयला!' म्हणाला. बाबालालनं ती उंच धरून सगळ्यांना दाखवली.

"ह्येच्यात वीज न्हाई, सेल न्हाई, किल्ली न्हाई. नुसतं पानी. ज्याचं कुनी न्हाई त्येनंबी आपली पाठ आपन चोळायची. आन् मी नुसता बोलत न्हाई. हे आमचे विभूते सर, गडहिंग्लजच्या कॉलेजात ग्रंथपाल हाईत. पहिली चोळणी ह्येंच्याकडं हाय. सर, सांगा लोकांना. फिरती का न्हाई?"

चाळीस तोंडं माझ्याकडं वळली.

"फिरते," मी म्हणालो.

ते खोटं नव्हतं. पहिल्याच प्रश्नाचं उत्तर होतं ते.

"ऐकलासा? आता बगा." त्यानं सदरा काढून वहिनींकडं दिला, बनियन काढली. चाळिशी ओलांडलेलं, लेथपुढं वाकून वाकून गोल झालेलं अंग. त्यानं लोकांकडं पाठ केली आणि दांडी खांद्यावरून मागं टाकली.

चकती पाठीला लागली आणि थांबली.

त्यानं उचलली. फिरली. टेकवली. थांबली. त्याला वाटलं नळी पिरगळली असेल, म्हणून एका हातानं नळी सरळ केली. पुन्हा टेकवली.

"हवेत पैलवान हाय ओ!" मागून कोणीतरी ओरडलं.

"मामा, म्हस आनू काय?"

"पाटी बदला! माणूस नको म्हनं. ढकलायला एक मानूस द्या!"

हसण्याचा असा लोट आला की शेजारच्या पिठाच्या चक्कीच्या गाळ्यातले लोकही वळून बघायला लागले. बाबालालच्या उघड्या पाठीवरून पाणी ओघळत होतं. त्यानं तोटी बंद केली. मग तो माझ्याकडं वळला. रागावला नव्हता. काहीतरी मोजत असल्यासारखं बघत होता.

"सर, तुमच्या टाकीवर?"

"मी..." मी म्हणालो. "मी लिहिणार होतो."

"थांबत हुती?"

मी मान हलवली.

"पयल्या दिसापास्नं?"

मी पुन्हा मान हलवली. खिशातलं पाकीट माझ्या हाताला लागत होतं. ते काढून देणं म्हणजे आणखी वाईट, एवढं कळण्याइतकी अक्कल मला होती.

"बरं," तो म्हणाला. नुसतं बरं.

वहिनी पुढं आल्या. त्यांनी टॉवेल घेतला आणि सगळ्यांच्या देखत, कुणाकडंही न बघता, त्याची पाठ पुसायला लागल्या. खांद्यापासून खाली आणि मग मधोमध. तिथं त्यांनी जरा जोरानं पुसलं, मग तळहात तसाच थोडा वेळ ठेवला. तो मान खाली घालून उभा होता. लोक एकेक करून पांगले.

सदऱ्याची बटणं लावता लावता बाबालाल म्हणाला, "सर, जेवून जावा. जैतूननं तुमच्यासाठी भरली वांगी केल्यात. येगळ्या भांड्यात."

"गाडी आहे माझी," मी म्हणालो.

गडहिंग्लजला दर अर्ध्या तासाला गाडी होती. हे त्याला माहीत होतं. दर पाडव्याला तोच मला स्टँडवर सोडायला यायचा.

"बरं," तो म्हणाला.

*

त्यानं मला पुन्हा पत्र लिहिलं नाही. पुढच्या पाडव्याला मी कोल्हापूरला गेलो नाही, त्याच्या पुढच्याही नाही. कॉलेजातला एक प्राध्यापक उद्यमनगरातला होता, त्याच्याकडून एकदा कळलं की मुजावर पूर्वीसारखा पंपांचे सुटे भाग करतो, धंदा ठीक आहे, पण नवं काही करत नाही. मी त्याला पुढं काही विचारलं नाही.

मी निवृत्त झालो. चव्हाणांच्या मुलांनी यंदा ते घर पाडायला दिलं, तेव्हा मी जवळच एका नव्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर एक खोली-स्वयंपाकघर घेतलं. पुस्तकांच्या पेट्या हलवताना तळाशी तोच वर्तमानपत्राचा गुंडाळा निघाला. पितळ काळं पडलं होतं. पत्र घडीवर चिरलं होतं.

न्हाणीत नळ बसवायला आलेला प्लंबर म्हणाला, "आजोबा, सोसायटीनं प्रेशर पंप बसवलाय. जपून सोडा, न्हाई तर अंगाला टोचंल."

तो गेल्यावर मी बराच वेळ बाहेरच्या खोलीत बसलो. मग सायकलच्या ट्यूबचा तुकडा आणून कात्रीनं नवा वॉशर कापला. तीन कापले, तिसरा बसला. नळी जुनी होती, ती दुसरी आणली. पितळ चिंच लावून घासलं.

नळ सोडल्यावर डबी आधी कुरकुरली, मग घर्रर्र झालं. मी दांडी खांद्यावरून मागं टाकली. माझी पाठ आता वाकली आहे. मापं बदलली असतील असं वाटलं होतं. चकती त्याच वितीवर आली.

थांबली नाही.

मी भिंतीला हात टेकून उभा राहिलो. नायलॉनचे केस कडक झाले होते, टोचत होते. आईच्या हातासारखे म्हणणार होतो, पण तसे नव्हते. बाबालालचा हात सदऱ्यावरून होता, तसेही नव्हते. तरी ते तिथं होते, फिरत होते, आणि मी नळ बंद केला तेव्हा बराच वेळ झाला होता.

त्याच दुपारी मी कागद घेतला. बाबालाल माझ्याहून सहा वर्षांनी मोठा. आहे की नाही तेही मला माहीत नाही. पत्ता जुनाच घातला. कोश उघडला नाही. कच्चा कागद केला नाही. लिहिलं ते असं:

'बाबालाल, तुझ्या १९८६च्या पत्राचं उत्तर.

एक. फिरते. माझ्या टाकीवर पाठीला लागली की थांबत होती. पहिल्या दिवसापासून माहीत होतं. थांबत असेल तर लिहा असं तू म्हटलं होतंस, मी लिहिलं नाही. तुला वाईट वाटेल म्हणून, असं मी स्वतःला सांगत आलो. खरं म्हणजे तू रागावशील आणि पाडव्याला ये म्हणणार नाहीस याची मला भीती होती. आज जोराच्या पाण्यावर लावली. थांबत नाही. चूक तुझी नव्हती, पाण्याची होती, आणि माझी.

दोन. मधल्या वितीला पोचते. अगदी बरोबर.

तीन.'

इथं मी थांबलो. जुना कागद उलगडून तिसरा प्रश्न पुन्हा वाचला. बॉलपेनचं अक्षर, जरा दाबून लिहिलेलं: 'दिवाळीला आता एकटं वाटणार नाही नव्हं?'

मी लिहिलं, 'वाटतं. अजून वाटतं. पाडव्याला येऊ का?'

सही केली. पाकीट बंद करून पोस्टाकडं निघालो. दाराजवळच्या लाल पेटीवर टपाल काढायची वेळ लिहिली होती, दुपारी चार. साडेतीन झाले होते. पाकीट आत टाकलं. मग झडप दोनदा हलवून बघितली, अडकलं तर नाही ना म्हणून.

घरी गेलो असतो तर मागं फिरून पोस्टमास्तरांकडं पत्र परत मागायला आलो असतो. मी मला ओळखतो. म्हणून समोरच्या पारावर बसून राहिलो. चार वाजून दहा मिनिटांनी पोस्टमन आला, त्यानं कुलूप काढलं, पेटीतली सगळी पाकिटं पिशवीत ओतली, पिशवीचं तोंड आवळलं आणि सायकलवर टांग मारून निघून गेला. तो कोपऱ्यावर वळल्यावर मी उठलो.